चार बोटं उघडं दार

माणसाकडे दुसरं काही नसलं तरी भिंत असते, आणि भिंतीलाही मागणी येऊ शकते, हे सुकलालला जरा उशिराच कळलं. तोवर त्याच्याकडे कुणी काही मागायला आलं नव्हतं. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक कारकुनाकडे मागण्यासारखं असतं तरी काय? आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. मधल्या काळात कागदाचं काय होतं ते साहेबाला ठाऊक आणि देवाला ठाऊक. पण नंदुरबारात स्टेशनाकडून मिरचीबाजाराकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, नेमकं त्या वळणावर सुकलालचं भाड्याचं घर होतं. घराची एक बाजू रस्त्याकडे तोंड करून कोरीच्या कोरी उभी होती. टॉकीजचे मॅनेजर दिलवरसिंग एके दिवशी सायकल टेकवून त्या भिंतीसमोर थांबले, ते मुलगी बघायला आल्यासारखे. त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली, हाताने थोपटली आणि म्हणाले, "रावसाहेब, ही आम्हाला द्या."

'रावसाहेब' म्हटल्यावर सुकलालने भिंतच काय, वरचे पत्रेही काढून दिले असते. त्यात रिवाज असा, की भिंतीवर पोस्टर लावू देणाऱ्याला प्रत्येक सिनेमाचा दोघांचा फुकट पास. सुकलालने विचार करायला वेळ हवा असं तोंडाने म्हटलं आणि मान आधीच हलवली.

त्याच्या मनात वत्सला होती. लग्न होऊन आल्यापासून त्याच्या बायकोने काही मागितलं नव्हतं. फक्त एकदा बाजारातून येताना टॉकीजसमोर ती म्हणाली होती, "आतमा म्हणे अंधार करतस." ती मागणी होती हे सुकलालच्या ध्यानात कित्येक महिन्यांनी आलं. तसं दोघांमध्ये बोलणं फार नव्हतं. कारकुनी लागल्यापासून सुकलाल घरातसुद्धा कचेरीची भाषा बोलायचा. "स्वयंपाक झाला आहे काय?" असं तो विचारायचा. तापीकाठच्या खेड्यातून आलेल्या वत्सलाला एवढ्या शुद्ध प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते सुचायचं नाही. ती म्हणायची, "हां." मग दोघं आपापल्या कामाला लागायची. हे सुकलालला आवडत होतं असं नाही. दिवेलागणीला शेजारच्या घरांतून बोलण्याचे आवाज यायचे, तेव्हा तो नुसताच ऐकत बसायचा आणि त्याला फार एकटं वाटायचं.

शुक्रवारी टॉकीजचा पोस्टरवाला उखा बांबूची शिडी आणि खळीची बादली घेऊन आला. पोस्टर चार तुकड्यांत होतं. ते जोडून झालं तेव्हा गाडीवान गाड्या थांबवून पाहू लागले. काळीकुट्ट रात्र. डाव्या अंगाला एका बाईचा अर्धाच चेहरा, उरलेला अर्धा अंधारात. उजवीकडून, चौकटीच्या बाहेरून, काळा हातमोजा घातलेला हात आत शिरलेला. हाताचा धनी कोण, ते अशा पोस्टरांत दाखवायची पद्धत नसते. हातात सुरा, सुऱ्यावरून ठिबकणारे लालभडक थेंब, एकेक थेंब बोटाएवढा. आणि या सगळ्यांच्या मागे वर जाणारा एक जिना. जिन्याच्या टोकाला दार, दार चार बोटं उघडं, आणि त्या फटीतून पिवळा उजेड.

सिनेमाचं नाव खालच्या अंगाला होतं. ते समोरच्या पार्वतीआजीच्या बकरीने त्याच दुपारी खाल्लं. खळ गव्हाच्या पिठाची होती, आणि बकरीला वाचता येत नसलं तरी पीठ कळतं. त्यामुळे तो सिनेमा आमच्या गावात 'जिनावाला' म्हणूनच ओळखला गेला. त्याचं खरं नाव आजही कुणी सांगू शकणार नाही.

नंदुरबारात लाल रंगावर ज्याला त्याला बोलता येतं. शेजारी भाईदासभाऊ मिरचीचे दलाल होते. त्यांनी पोस्टरपाशी जाऊन एका थेंबावर नख घासलं आणि निकाल दिला, "हाऊ रंग यंदाना मालना नही. गेल्या सालनी मिरची शे, कोठारमा पडेल." ते रक्त आहे असं सुकलालने नम्रपणे सुचवलं. भाईदासभाऊ म्हणाले, "रगतनाबी भाव रंगवरच व्हस, भाऊ."

त्या संध्याकाळी सुकलाल ओट्यावर चहा घेत बसला होता. वत्सला उंबऱ्याशी उभी राहून भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "आयका ना. त्या दारना मांगे काय व्हई?"

सुकलालने कपबशी खाली ठेवली. तिने आपणहून त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. आणि सवय अशी वाईट, की तोंडातून निघालं, "त्याबाबत अद्याप काही माहिती उपलब्ध नाही."

"बरं," म्हणून वत्सला आत गेली. सुकलालला स्वतःचं तोंड फोडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत बसून उत्तर तयार केलं आणि घरी येताच सांगितलं, "खजिना असावा."

वत्सलाने भाकरी थापता थापता विचार केला. "खजिनाले कोणी दिवा लावस का?"

बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कैदी असेल."

"कैदी व्हता ते दार उघडं कसं?"

असं रोज होऊ लागलं. सुकलाल कागद नोंदवता नोंदवता दाराआडचे धंदे शोधू लागला. आवकेचे कागद जावकेत गेले. कचेरी सुटली की पूर्वी तो पानाच्या दुकानावर रेंगाळायचा, आता थेट घर गाठायचा. एक दिवस त्याच्याकडे उत्तरच उरलं नाही. तेव्हा वत्सलाच बोलली. "मन्हा माहेरले, तापीना त्या काठले, रोज सांजले एक दिवा लागे. लहानपणपाईन दखू. कोणा दिवा, कोणा घर, काहीच समजनं नही. मन्हं लगीन व्हई गयं, आठे उनू, तरीबी नही. असाच पिवळा व्हता."

सुकलाल लग्नात त्याच काठावर उभा होता. नदीपलीकडे पाहायचं त्याला सुचलंही नव्हतं. मानपान बरोबर होतो की नाही हे बघण्यात तो गुंतला होता. त्याला फार वाईट वाटलं. आपल्या बायकोच्या पोटात एवढी ओढ आहे आणि आपल्याला तिचा पत्ता नाही! त्याने ठरवलं, काही होवो, हे दार हिला उघडून दाखवायचं.

पण पास म्हणजे काय चीज असते ते ज्याने वापरला त्यालाच माहीत. पहिला आठवडा पास चालत नव्हता. शनिवार-रविवार चालत नव्हता. बाजाराच्या दिवशी चालत नव्हता. गर्दी असेल तर चालत नव्हता, आणि गर्दी नसेल तर खेळच होत नव्हता. तोवर सगळी गल्ली तिकीट काढून सिनेमा पाहून आली. जाताना सगळे हसत गेले आणि येताना तोंड पाडून आले. काय होतं विचारलं की भाईदासभाऊ म्हणत, "स्वतः दखी ल्या." आणि नजर चुकवून आत जात. सुकलालला यात संशय यायला हवा होता. पण वत्सला कानांवर हात ठेवून म्हणाली, "सांगू नका कोणी," आणि तो प्रश्न मिटला.

अशात पार्वतीआजी भांडायला आली. सुऱ्याचं टोक नेमकं तिच्या दाराकडे होतं. "मी एकटी धल्ली म्हतारी. मन्हा दारवर रोज सुरा रोखेल शे. उद्या काही व्हयनं म्हणजे?" काही होणार नाही, तो कागद आहे, हे सुकलालने तिला समजावलं. आजी म्हणाली, "कागदवरच लोकेसनी जमिनी गयात, बाबा." हा मुद्दा सरकारी नोकराला खोडता येण्यासारखा नव्हता. शिवाय भाईदासभाऊंनी सल्ला दिला की सुरा फिरवून टॉकीजकडे करावा. वाटेने जाणाऱ्या एकाने सुचवलं की सुऱ्याला लिंबू-मिरची बांधावी. शेवटी सुकलालने उखाला बोलावलं आणि नुसता सुरा झाकायला सांगितलं.

उखा भला माणूस. त्याच्याकडे आधीच्या एका पौराणिक बोलपटाच्या पोस्टरचा तुकडा उरला होता. कुठल्याशा पुण्यवान वाण्याची गोष्ट होती ती. त्या वाण्याच्या हातातला तराजू उखाने कापला आणि सुऱ्यावर बेमालूम चिकटवला. आजी खूश झाली. उखा खूश झाला. सुकलालने भिंतीकडे पाहिलं. काळ्या हातात तराजू होता, आणि तराजूतून बोटाएवढे लाल थेंब खाली पडत होते. त्याच्या मनात काहीतरी खटकलं, पण कचेरीची वेळ झाली होती.

हंगाम भरात होता. दुपारी पहिली बैलगाडी येऊन दाराशी थांबली. गाडीवर बसलेल्या सुपडू नावाच्या गाडीवानाने भिंतीकडे पाहिलं, जू सोडलं आणि हाक मारली, "ओ शेठ, मिरची कोठे उतारू?"

वत्सला बाहेर आली. आठे मिरची लेतस नही, असं ती सांगत होती. पण सुपडू भिंतीकडे बोट दाखवत होता. एवढा मोठा तराजू, एवढी मोठी मिरची, आणि लेतस नही? वाचता येणाऱ्या माणसांना पाट्या असतात. सुपडूला चित्र होतं, आणि त्या बाजारातल्या निम्म्या आडती चित्रावरच चालत. त्याच्यामागे दुसरी गाडी लागली, दुसरीमागे तिसरी. पहिल्याने पोती उतरवली म्हणून बाकीच्यांनीही उतरवली. वत्सलाने बिचारीने सगळ्यांना पाणी पाजलं, त्यामुळे ही आडत चांगली असं गाडीवानांचं मत झालं. सुकलाल कचेरीतून आला तेव्हा त्याच्या ओट्यावर मिरचीचा डोंगर होता, गल्ली शिंकत होती आणि त्याची बायको पदर नाकाला लावून डोंगराआडून त्याची वाट पाहत होती. पोती पुन्हा गाड्यांवर चढवून बाजारात पाठवता पाठवता त्याच्या धोतराचा रंग बदलला. त्या दिवशी दाराआड काय असेल हे कुणी कुणाला विचारलं नाही, कारण दोघांच्याही डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

दोन दिवसांनी कचेरीत एक निनावी अर्ज आला. आवक कारकून म्हणून तो सुकलालनेच फोडला. फोडताच त्याला तीन शिंका आल्या, त्यावरून अर्ज कोणत्या व्यवसायातून आला ते कळलं. मजकूर असा, की कारकून सुकलाल हा सरकारी नोकर असून राहत्या घरी मिरचीची आडत चालवतो. सुकलालने अर्ज नियमाप्रमाणे नोंदवला आणि वर पाठवला. वरून खुलासा मागणारा कागद निघाला. तो जावकेत नोंदवायलाही सुकलालच, आणि घेणाराही सुकलालच. त्याने पाठवणाऱ्याच्या जागी सही केली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि घेणाऱ्याच्या जागी सही केली. नियम म्हणजे नियम.

खुलासा त्याने मन लावून लिहिला. 'सदर भिंतीवर स्त्री अर्धी, हात एक, तराजू एक (मूळचा सुरा) व जिना एक असून, वर्षाव होत असलेला पदार्थ मिरची नसून रक्त आहे.' पुरावा म्हणून सोबत टॉकीजचा पास जोडला. हा शहाणपणा त्याला कुणी शिकवला होता देव जाणे. अव्वल कारकून भाऊसाहेबांनी कागद वाचला आणि शेरा मारला, 'जिना कोठे जातो याचा खुलासा नाही.' मग ते स्वतः जागेची पाहणी करायला आले. पोस्टरसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"सुकलाल," ते खालच्या आवाजात म्हणाले, "दाराआड काय असेल हो?"

"कळत नाही, भाऊसाहेब."

"पुरावा पडताळून पाहावा लागेल."

आणि त्यांनी तो पडताळून पाहिला, सहकुटुंब. दुसऱ्या दिवशी पडलेल्या तोंडाने कचेरीत आले आणि 'खुलासा मान्य' असं लिहिलं. पास काही परत आला नाही. तो पुरावा झाला होता.

उरला होता सिनेमाचा शेवटचा दिवस, गुरुवार. सुकलालने दुपारची रजा टाकली. वत्सला सकाळपासून तयार होती. तिने लग्नातलं लुगडं नेसलं होतं आणि डोक्यावरचा पदर चारदा सारखा केला होता. सुकलालने खिडकीतून विकतची तिकिटं काढली, भिंतवाला असून. दिलवरसिंगांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आत बायकांची बाजू वेगळी, मध्ये पडदा. हे सुकलालच्या ध्यानातच नव्हतं. इतके दिवस त्याच्या मनात चित्र होतं, की दार उघडेल तेव्हा आपण पडद्याकडे बघायचं नाही, वत्सलाकडे बघायचं. आता मध्ये कापड होतं. अंधार झाला. तो बाकाच्या टोकाला बसून वाट पाहत राहिला. नायक गायला, नायिका गायली, एक शेठ मेला, पोलीस आले. बंगला आला तेव्हा सुकलाल सावरून बसला. पण बंगला बैठा होता. खुनी मागच्या गोदामात सापडला. लग्न अंगणात लागलं. दिवे लागले तरी सुकलाल उठला नाही. अख्ख्या सिनेमात जिना नव्हता.

तो सरळ दिलवरसिंगांपाशी गेला आणि कचेरीत बोलावं तसं बोलला, "सदर चित्रपटात जिना आढळून आला नाही."

"नसतो," दिलवरसिंग पान जुळवत म्हणाले. "रावसाहेब, चित्र काढणारा मुंबईत बसतो. त्याने सिनेमा कुठे पाहिलाय? दार बंद काढलं तर माणूस न बघता घरी जातो. उघडं काढलं तर तिथेच बघून घरी जातो. चार बोटं उघडं काढलं की तिकीट काढतो. मी स्वतः पहिल्या दिवशी खुर्ची टाकून बसलो होतो, दार कधी उघडतं म्हणून." हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं.

सुकलालचं शुद्ध बोलणं तिथे संपलं. "मन्ही बायको रोज तठे उभी ऱ्हास!" तो ओरडला. "रोज! त्या जिनावर! तिले मी काय सांगू आते?"

दिलवरसिंगांनी जुळवलेलं पान तसंच खाली ठेवलं. सुकलाल वळला तर मागे वत्सला उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

दोघं घराकडे निघाली. दिवेलागण झाली होती, मिरचीच्या रिकाम्या गाड्या परतत होत्या. सिनेमा फसवा निघाला याचं सुकलालला एवढं वाटत नव्हतं. आता उद्यापासून संध्याकाळी काय बोलायचं, याची त्याला धास्ती पडली होती. पुन्हा ते 'झाला आहे काय' आणि 'हां'. ते त्याला आता सोसणार नव्हतं.

वळणावर उखा शिडी लावून उभा होता. काखेत शुक्रवारचं नवं पोस्टर, कसल्याशा भक्तीच्या सिनेमाचं, भरपूर उजेडातलं. कुंचा बादलीत बुडवून त्याने हात उचलला.

"थांब, भाऊ," वत्सला म्हणाली. ती भिंतीपाशी गेली. पोस्टर आता फाटकं झालं होतं. खालचं बकरीने खाल्लं होतं, तराजूचं एक पारडं लोंबत होतं. जिना मात्र शाबूत होता. तिने कधी नव्हे ते पायरीवर बोट ठेवलं. मग वळून म्हणाली, "आयका ना. त्या सिनेमावालासले ते दार सापडनंच नही."

सुकलाल दोन पावलं जवळ आला.

"येडा शेतस. खालेच शोधत बसनात." तिचे डोळे हसत होते. "मंग आते सांगा ना. मांगे काय व्हई?"

सुकलालचा जीव भांड्यात पडला. त्याने उखाला हात केला. "उखा, हाई पोस्टर नको लावू."

"मंग पास भेटाव नही, भाऊ."

"नको भेटू दे."

उखाने खांदे उडवले, शिडी काढली आणि बादली तिथेच ठेवून बिडी पेटवायला बसला. पार्वतीआजीची बकरी लगेच बादलीकडे निघाली. सुकलाल ओट्यावर टेकला. रोज वत्सला उंबऱ्याशी उभी राहायची, आज ती त्याच्याशेजारी ओट्यावर बसली, सगळ्या गल्लीदेखत.

"असं बसल्या बसल्या कसं समजी?" तो भिंतीवरच्या जिन्याकडे बोट करून तिच्याच बोलीत म्हणाला. "चाल, वर जाऊत."